रकान्याचा मथळा कुणाच्या ताब्यात?

मंडळी, आजचा विषय जरा रूक्ष आहे, तेव्हा आधीच क्षमस्व. संकेतस्थळावर आपल्या माहितीसाठी रकाने आखून देणारं एक प्लगइन असतं. त्यात पुढे काय काय नवीन येणार याची चर्चा जाणकार मंडळी हिरिरीने करत असतात. वापरणारी साधी माणसं मात्र भलतेच प्रश्न विचारत असतात. माझं मत विचाराल तर या साध्या माणसांचे प्रश्न आधी घ्यावेत आणि नव्या सोयी मागाहून आणाव्यात. असं का वाटतं ते सांगते.

आमच्या धाकट्या जाऊबाई हे वाचतात आणि "ताई, समजेल असं लिहा" म्हणतात, म्हणून मुळापासून सुरुवात करते.

संकेतस्थळ चालवण्यासाठी वर्डप्रेस नावाची एक मोफत आज्ञावली आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती २००३ च्या मे महिन्यात आणली. आज जगातल्या एकूण संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त तिच्यावर चालतात. तिच्यात लेखाला एक शीर्षक असतं आणि खाली मोठा मोकळा कागद. निबंध लिहायला तेवढं पुरतं. पण एखाद्याला पुस्तकांची यादी ठेवायची असेल तर? लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत हे सगळं मोकळ्या कागदावर लिहिलं तर दरवेळी वेगळ्या क्रमाने लिहिलं जाणार. मग "१९६० च्या आधीची पुस्तकं दाखव" म्हटलं तर ते यंत्र शोधणार कुठे? तिथे हवेत रकाने.

वर्डप्रेसमध्ये रकान्यांची सोय मुळातच आहे, पण ओबडधोबड. एका खणात नाव लिहा, शेजारच्या खणात मजकूर लिहा, बस्स. हे काम नीटनेटकं करण्यासाठी एलियट कॉन्डन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन तरुणाने २०११ साली 'अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' हे प्लगइन लिहिलं. इथे तारीख, इथे चित्र, इथे फक्त आकडा, इथे दिलेल्या पर्यायांतून एक निवडा, असे रकाने आखून द्यायचे, की माहिती भरणाऱ्यापुढे छापील अर्जासारखा अर्ज येतो. वीस लाखांहून जास्त संकेतस्थळांवर ते चालतं. जन्मभर हजेरीपट आखलेल्या बाईला हे आवडलं नसतं तरच नवल!

माझा आणि त्याचा संबंध आला तो शब्दांमुळे. निवृत्तीनंतर मी आमच्या सातारा भागातले, आता कानावर न पडणारे शब्द गोळा करू लागले. मोट, तिचा नाडा, बैलांची धाव, पाणी पडतं ते थारोळं. चुलीचा वैल. दुधादह्याचं शिंकं. मडक्यांची उतरंड. अर्थ तर कोशातही मिळतो. मला हवं होतं ते हे, की कुठल्या गावात, किती वयाच्या माणसाने, कोणत्या वाक्यात तो शब्द उच्चारला. भाच्याने संकेतस्थळ करून दिलं आणि या प्लगइनने सात रकाने आखले : सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, ऐकल्याची तारीख, वाक्य, संबंधित शब्द आणि छायाचित्र. आजमितीला ७१२ शब्द झाले आहेत. सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं आता नाहीत. त्यांचा आवाज मी टिपलेला नाही. त्यांचं नाव, गाव आणि एक वाक्य एवढंच त्या रकान्यांत आहे. हे एवढ्यासाठी सांगते, की पुढची सगळी चर्चा मी एवढ्या तळमळीने का करते आहे ते कळावं.

आता नव्या सोयींकडे वळते. त्या वाईट आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. २०२३ मध्ये एक सोय आली, दोन्ही बाजूंनी नातं जोडण्याची. पूर्वी 'थारोळं' या नोंदीत 'मोट' हा संबंधित शब्द लिहिला, तरी 'मोट' उघडून तिथे 'थारोळं' पुन्हा वेगळं लिहावं लागे. आता एकीकडे लिहिलं की दुसरीकडे आपोआप उमटतं. माझे कितीतरी तास वाचले. त्याच वर्षी, लेखांपेक्षा वेगळ्या प्रकारच्या नोंदी आणि त्यांची वर्गवारी त्याच प्लगइनमधून करायची सोयही आली. त्यासाठी आधी दुसरं प्लगइन लागे किंवा कुणाकडून तरी आज्ञा लिहून घ्याव्या लागत. खुद्द वर्डप्रेसनेही एप्रिल २०२४ च्या आवृत्तीत रकान्यातला मजकूर थेट पानावरच्या चौकोनाला जोडायची व्यवस्था दिली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे वारे वाहताहेत, म्हणजे रकाने यंत्राने सुचवावेत, यंत्रानेच भरावेत वगैरे. येऊ देत की. माझी हरकत सोयींना नाही, क्रमाला आहे.

कारण लोक जे विचारतात ते ऐका. हे प्रश्न मी भाच्याला विचारले. आमच्या ओळखीच्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी त्यांच्या मुलाला तेच विचारले. जगभर हे प्लगइन वापरणारेही थोड्याफार फरकाने हेच विचारत असतात. माझी माहिती नक्की कुठे साठते? नोंदी वाढल्या की संकेतस्थळ मंदावेल का? आज फुकट आहे ते उद्या फुकट राहील का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न : हे प्लगइन उद्या बंद पडलं तर माझ्या माहितीचं काय होईल?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी समजून घेतली आहेत. सगळ्या रकान्यांतला मजकूर वर्डप्रेसच्या एकाच मोठ्या तक्त्यात एकाखाली एक साठतो. प्रत्येक रकान्यासाठी दोन ओळी. एका ओळीत मजकूर, दुसरीत तो मजकूर कोणत्या रकान्याचा आहे याची खूण. माझ्या ७१२ शब्दांचे सात सात रकाने धरले तर ९,९६८ ओळी झाल्या. एवढ्याने काही बिघडत नाही, पण लाखभर नोंदी असणाऱ्याला शोधाशोध जड जाते. म्हणून पुष्कळ लोक वर्षानुवर्षं मागतात, की आमच्या रकान्यांसाठी वेगळा तक्ता द्या. मागणी रास्त आहे, पण ती पुरवायची तर आतली सगळी मांडणी हलवावी लागते. हे मला कळतं. चालत्या वर्गात बाक बदलण्यासारखं आहे ते.

आता तो सगळ्यात मोठा प्रश्न. प्लगइन काढून टाकलं तरी तक्त्यातला मजकूर जात नाही, तो तिथेच राहतो. ऐकून बरं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण मी भाच्याला म्हटलं, मला तो तक्ता जसाच्या तसा दाखव. त्याने दाखवला. 'ऐकल्याची तारीख' या रकान्यात होतं २०१७०३१२. आठ आकडे ओळीने, मध्ये रेघ नाही की टिंब नाही. छायाचित्राच्या रकान्यात चित्र नव्हतंच, होता नुसता एक क्रमांक. संबंधित शब्दांच्या जागी कंसाकंसातले आणखी काही क्रमांक. मजकूर होता, अर्थ मात्र जागेवर नव्हता. या आकड्यांना तारीख म्हणायचं, या क्रमांकाला चित्र म्हणायचं, हे सगळं शहाणपण प्लगइनकडे.

शाळेत आमच्याकडे जनरल रजिस्टर असायचं. त्याच्या पानाचा वरचा मथळ्यांचा पट्टा फाटला आहे अशी कल्पना करा. खाली सगळं शाबूत आहे. नाव आहे, आकडे आहेत, गाव आहे. पण हे जन्मगाव की राहतं गाव? ही तारीख जन्माची, दाखल झाल्याची, की शाळा सोडल्याची? अशा रजिस्टरवरून कोणी दाखला देईल का? म्हणूनच तर जन्मतारीख अंकी लिहून भागत नसे, ती अक्षरीही लिहावी लागे. ज्याने हा नियम केला त्याने पन्नास वर्षांनंतर ते पान उघडणाऱ्या परक्या माणसाचा विचार केला होता. रकाने आखणाऱ्या आज्ञावलीने त्या परक्या माणसाचा विचार करायला नको का?

हा निव्वळ भीतीचा बागुलबुवा नाही हे २०२४ साली दिसलं. थोडक्यात सांगते. कॉन्डनने २०२१ मध्ये हे प्लगइन 'डिलिशस ब्रेन्स' या कंपनीला विकलं. २०२२ मध्ये तिच्याकडून ते 'डब्ल्यूपी इंजिन' या मोठ्या कंपनीकडे गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि या कंपनीत जाहीर भांडण जुंपलं. ही कंपनी वर्डप्रेसच्या जिवावर कमावते आणि त्या मानाने परत काही देत नाही, असं मुलेनवेग यांचं म्हणणं. नावाच्या मालकीहक्काचाही वाद होता. २ ऑक्टोबरला कंपनीने कॅलिफोर्नियाच्या संघराज्य न्यायालयात त्यांच्यावर आणि त्यांच्या 'ऑटोमॅटिक' कंपनीवर दावा लावला. १२ ऑक्टोबरला वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातली या प्लगइनची जागाच ताब्यात घेतली गेली. तिथे त्याच प्लगइनची नक्कल 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' या नावाने ठेवण्यात आली. कारण दिलं गेलं ते सुरक्षिततेचं, आणि आतली विक्रीची जाहिरात काढून टाकण्याचं. फुकट आवृत्ती वापरणाऱ्यांनी नेहमीसारखं 'अद्ययावत करा' दाबलं, किंवा ज्यांच्याकडे ते आपोआप होत होतं, त्यांच्याकडे मूळ प्लगइनच्या जागी हे दुसरं येऊन बसलं. १० डिसेंबरला न्यायालयाने अंतरिम मनाईहुकूम दिला आणि त्यानंतर मूळ प्लगइनची जागा त्याला परत मिळाली. 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' त्यानंतरही वेगळं प्लगइन म्हणून राहिलं.

आमच्या संकेतस्थळाला यात काहीही इजा झाली नाही, हे आधी स्पष्ट करते. नक्कल हुबेहूब असल्याने आतल्या आज्ञांची नावं तीच होती आणि रकाने चालू राहिले. दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायला न्यायालय समर्थ आहे. मी मराठीची बाई, त्यात पडणार नाही. मला खटकलं ते वेगळंच. त्या दोन महिन्यांत दोन्ही बाजू हिरिरीने बोलत होत्या आणि दोघांच्याही तोंडी 'समाज' हाच शब्द होता. समाजाच्या हितासाठी, समाजाच्या सुरक्षेसाठी. आणि ज्यांच्या नोंदी त्या रकान्यांत होत्या त्या वीस लाखांना मात्र कोणी विचारलं नाही, की बाबांनो, तुमच्या रजिस्टरच्या वरचं नाव बदलतो आहोत, चालेल ना? शाळेच्या दाखल्यावर छापलेलंच असतं, की यातल्या नोंदीत अधिकार असलेल्याखेरीज कोणी फेरफार करू नये. इथे मुळात अधिकार कुणाचा हेच ठरलेलं नव्हतं.

यावर माझा भाचा म्हणतो, "मावशी, फुकट वापरतेस आणि वर हक्क सांगतेस?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ही आज्ञावली मुक्त परवान्याखाली आहे. कोणीही ती वाचावी, बदलावी, नक्कल करून वाटावी. त्याच परवान्यामुळे ती नक्कल कायद्याने करता आली. आणि त्याच परवान्यामुळे, उद्या दोन्ही कंपन्या बुडाल्या तरी तिसरा कोणी ती पुढे चालवू शकेल. म्हणजे ज्याने धक्का बसला त्यानेच आधारही दिला. शिवाय मूळ लेखकाने दहा वर्षं रात्री जागून जे सांभाळलं, ते पुढे सांभाळायला पगारी माणसं लागतात आणि पगार आकाशातून पडत नाही. त्यामुळे काही रकाने, उदाहरणार्थ एकाच नोंदीत पुन्हा पुन्हा वाढवता येणारे, पैसे भरणाऱ्यांसाठीच ठेवले याबद्दल माझी तक्रार नाही. फी भरून शिकलेली पिढी आहे आमची!

पण हक्क सांगणं वेगळं आणि अपेक्षा सांगणं वेगळं. ग्रंथालय फुकट असलं तरी पुस्तकं परत मिळतील ना, हे विचारायचा अधिकार देणगीदाराला असतोच. इथे माहिती आम्ही दिलेली आहे. प्लगइन त्यांचं, रकाने त्यांचे, पण त्यातली गावाकडची आजी आमची.

म्हणून माझ्या तीन साध्या अपेक्षा आहेत.

एक, रकान्यांचे मथळे माहितीबरोबर राहावेत. रकान्यांची आखणी वेगळ्या फाइलीत उतरवून घ्यायची सोय या प्लगइनमध्ये आहे, बरीच जुनी आहे आणि फुकट आवृत्तीतही आहे. पण ती साधनांच्या पानावर एका कोपऱ्यात बसलेली, आणि ती फाइल उघडली तर कंस आणि अवतरणचिन्हांची नुसती जत्रा. मला हवी आहे एक कळ, जी दाबली की मथळे आणि मजकूर एकत्र, तारखा तारखांसारख्या आणि चित्रं नावानिशी, असा कोणालाही वाचता येईल असा तक्ता हातात पडेल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधी ही कळ द्या.

दोन, मालक बदलला, नाव बदललं, तर वापरणाऱ्याला आधी स्वच्छ शब्दांत सांगावं आणि त्याने 'हो' म्हटल्यावरच बदल करावा. सुरक्षेची डागडुजी तातडीने करावी लागते हे मान्य. पण डागडुजी म्हणजे घराची पाटी बदलणं नव्हे.

तीन, प्रश्नोत्तरांत आज्ञावली न लिहिणाऱ्यांनाही जागा असावी. आज प्रश्न विचारायचा तर तो तांत्रिक भाषेत आणि इंग्रजीत विचारावा लागतो. ज्याला तसा विचारता येत नाही त्याचा प्रश्न धरलाच जात नाही. मग 'लोकांना काय हवं' याची जी यादी तयार होते ती बांधकाम करणाऱ्यांची असते, राहणाऱ्यांची नसते. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलाला प्रश्न नसतात असं कोणतीही बरी शिक्षिका समजत नाही.

आता तुमच्यापैकी ज्यांनी घराण्याची वंशावळ, पाककृती, जुनी पत्रं असं काहीबाही जालावर रकाने पाडून ठेवलं आहे त्यांच्यासाठी. कंपन्या सुधारतील तेव्हा सुधारतील, तोवर आपल्या हातात आहे ते करावं. रकान्यांची आखणी उतरवून घेऊन ती फाइल संकेतस्थळाबाहेर ठेवा. वर्षातून एकदा सगळा मजकूर साध्या तक्त्यात काढून घ्या. आणि एका कागदावर, शाईने, लिहून ठेवा : कोणता रकाना कशाचा, तारीख कोणत्या क्रमाने लिहिली आहे, चित्रं कुठे आहेत. आमच्या संग्रहाचा तसा कागद मी केला आहे. दोन पानं झाली. एक प्रत भाच्याकडे आहे आणि एक माझ्या कपाटात, बँकेच्या पासबुकाशेजारी.

रकाना वाढवणं हेही काही साधं काम नाही बरं का. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहायचं. कागदावर पाहिलं तर फक्त एका रकान्याची भर. पण त्या रकान्यात जे मावलं ते इतकी वर्षं कुठेच मावत नव्हतं. निर्णयाबरोबर जुन्या नोंदींचं काय हेही ठरवावं लागलं, तारीख घालून द्यावी लागली. रकाना आखणारा जबाबदारी घेतो ती अशी. नवी सोय आणताना जुन्या नोंदीला उत्तर देणं हा त्या कामाचाच भाग आहे, उपकार नव्हे.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. तुमच्या नोंदी कुठे आणि कशा ठेवल्या आहेत, प्लगइन गेलं तर त्या तुम्हाला वाचता येतील का, हे एकदा तपासून पाहा आणि मला जरूर कळवा. आणि हो, 'वैल' या शब्दाला तुमच्याकडे दुसरा शब्द असेल तर तोही पाठवा. सांगणाऱ्याचं नाव, वय आणि गाव मात्र विसरू नका.